सेवानिवृत्ती आणि आरोग्यविम्याची पुरवणी

सेवानिवृत्तीच्या दिवशी कचेरीत छोटासा समारंभ होतो. शाल, श्रीफळ, एखादे घड्याळ, वरिष्ठांचे दोन शब्द आणि चहा-फराळ. निवृत्त होणारा गृहस्थ हे सर्व घेऊन घरी येतो. परंतु एक वस्तू तो कचेरीतच ठेवून येतो आणि तिची आठवण समारंभात कोणी करून देत नाही. ती म्हणजे नोकरीबरोबर मिळालेला सामुदायिक आरोग्यविमा. त्याचा हप्ता बहुधा कंपनीच भरीत असल्यामुळे तो आपल्याला होता, हेदेखील पुष्कळांना ठाऊक नसते. तो संपल्याचे कळते ते पहिल्यांदा रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर.

इंदुरात आमच्या न्यासाकडे वैद्यकीय साहाय्यासाठी येणारे अर्ज वाचण्याचे काम आम्ही काही मंडळी कित्येक वर्षे करीत आलो आहोत. एके काळी हे अर्ज हातावर पोट असलेल्या घरांतूनच येत. आता त्यांत पेन्शनरांचे अर्जही दिसू लागले आहेत. स्वतःचे घर आहे, मुले मार्गी लागली आहेत, बँकेत थोडीफार ठेव आहे, कोणापुढे हात पसरण्याची सवय नाही, अशी ही माणसे. एका शस्त्रक्रियेच्या बिलाने त्यांना आमच्या टेबलापर्यंत आणलेले असते. आणि गंमत अशी की, अर्जासोबत बहुधा विम्याची पॉलिसीही जोडलेली असते. विमा नव्हता असे नाही. होता, पण जेथे खड्डा होता तेथे तो नव्हता. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद व त्यांच्या कुटुंबीयांसाठी हा विषय थोडा विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्हांला नेहमी विचारले जाते, "कोणती पॉलिसी चांगली?" या प्रश्नाला खरे म्हणजे उत्तर नाही. आम्ही उलट विचारतो, "आज तुमच्या हाताशी काय आहे?" पुरवणी जोडायची ती मूळ कापडाला. कापड किती आहे, कोठे तोकडे पडते, हे मोजल्यावाचून पुरवणीचा तुकडा विकत आणणारा माणूस एक तर दुहेरी पैसे घालवतो, नाही तर भलत्याच जागी ठिगळ लावतो.

तेव्हा प्रथम मूळ कापडाकडे पाहू.

केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्यांना केंद्रीय सरकारी आरोग्य योजनेत राहता येते. ही योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली आणि पुढे अनेक शहरांत तिचे दवाखाने निघाले. २०१७ पासूनच्या दरांप्रमाणे वेतनश्रेणीनुसार महिना २५० ते १,००० रुपये वर्गणी पडते, आणि दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरल्यास आयुष्यभराचे कार्ड मिळते. म्हणजे वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यालाही एकदाच १,२०,००० रुपये. बाजारातील कोणत्याही पॉलिसीशी ताडून पाहिले तर हा सौदा फारच स्वस्त आहे, शिवाय यात रोजची औषधेही मिळतात, जी साध्या विम्यात बहुधा मिळत नाहीत. असे असूनही "दवाखाना लांब आहे, रांग मोठी असते" म्हणून कार्ड न काढणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, रांग सर्दीपडशासाठी मोठी वाटते. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ती मोठी वाटत नाही. सैन्यातून निवृत्त झालेल्यांसाठी २००३ सालापासून अशीच स्वतंत्र योजना आहे.

कारखान्यांत काम केलेल्यांपैकी ज्यांचा कर्मचारी राज्य विमा होता, त्यांना तर एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. किमान पाच वर्षे हा विमा चालू राहून जो कामगार वयोमानानुसार निवृत्त झाला, त्याला वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःचे व पत्नीचे उपचार या योजनेच्या रुग्णालयांत चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये! आमच्याकडे आलेल्या काही जणांना ही सोय ठाऊकच नव्हती.

बँका आणि काही सार्वजनिक संस्था यांच्या निवृत्तांसाठी सामुदायिक पॉलिसी असते. तिचा हप्ता निवृत्ताने स्वतः भरायचा असतो आणि तो काही वर्षांत बराच वाढलेला आहे, ही तक्रार खरी आहे. तरीही ती सोडण्यापूर्वी दहादा विचार करावा. अशा सामुदायिक पॉलिसीत जुन्या आजारांसाठी बहुधा थांबावे लागत नाही, आणि एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत येण्याचे दार बहुतेक ठिकाणी बंद होते.

आता सत्तरीच्या पुढील मंडळींविषयी. २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना प्रवेश मिळाला. उत्पन्न किती, घर स्वतःचे की भाड्याचे, हे विचारले जात नाही. वय आधार कार्डावरून धरले जाते. 'वय वंदना' नावाचे हे कार्ड काढले की नोंदलेल्या रुग्णालयांत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य होतात. मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार, सर्वांसाठी पहिल्या दिवसापासून. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळते. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या योजनेतील व्यक्तीला मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. एक, हे पाच लाख माणशी नसून घरातील सत्तरीवरील सर्वांत मिळून आहेत. आजोबा व आजी दोघेही आजारी पडली तर रक्कम वाटली जाते. दुसरी, ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे, ठरलेल्या उपचारांना ठरलेले दर आहेत, आणि आपले नेहमीचे डॉक्टर जेथे शस्त्रक्रिया करतात ते रुग्णालय यादीत असेलच असे नाही. म्हणून कार्ड काढल्यावर घराजवळची कोणती रुग्णालये यादीत आहेत आणि तेथे हृदय, मूत्रपिंड, हाडे यांपैकी कशाचे उपचार या योजनेतून होतात, हे आजच जाऊन विचारून ठेवावे. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रसंग नव्हे. आणि कार्ड? ते ज्यांना लागू आहे त्यांनी या स्मरणिकेचे पान उलटण्यापूर्वी काढावे, असे आम्ही म्हणू.

राहता राहिला साठ ते सत्तर या वयाचा निवृत्त. ज्याच्या पाठीशी सरकारी योजना नाही, ज्याचा कंपनीचा विमा संपला आहे आणि ज्याला वय वंदना कार्डासाठी अजून आठ-नऊ वर्षे काढायची आहेत, त्याच्यासाठीच बाजारातील पॉलिसीचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. आमच्याकडील बहुतेक अर्ज याच वयाचे.

आता पुरवणीकडे वळू. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणला. तेव्हापासून आपल्या घरांत आरोग्यविमा म्हणजे मेडिक्लेम, असा शब्दच रूढ झाला आहे. पुष्कळांनी नोकरीत असतानाच दोन किंवा तीन लाखांची अशी पॉलिसी घेतली आणि ती निष्ठेने चालू ठेवली. त्या काळी तीन लाख म्हणजे मोठी रक्कम होती. आज मोठ्या शस्त्रक्रियेला ती पुरत नाही. आता मूळ पॉलिसीच तीनाची दहा लाख करून मागावी, तर साठीनंतर हप्ता डोळे पांढरे करतो. येथे पुरवणी पॉलिसी उपयोगी पडते. तिचे तत्त्व सोपे आहे : बिलातील पहिली अमुक रक्कम कंपनी देणार नाही, त्यावरची देईल. या पहिल्या रकमेला 'डिडक्टिबल' म्हणतात. आपण वजावट म्हणू. लहान बिले कंपनीच्या अंगावर येत नाहीत, म्हणून हप्ता कमी.

परंतु ही पुरवणी दोन प्रकारची मिळते आणि दोहोंच्या नावांत एकाच शब्दाचा फरक आहे. एक 'टॉप-अप', दुसरी 'सुपर टॉप-अप'. जाहिरातीचा डौल समजून हा शब्द सोडून देऊ नये. उदाहरण घेऊ. एका गृहस्थांची मूळ पॉलिसी तीन लाखांची आहे आणि तीन लाख वजावटीची दहा लाखांची पुरवणी त्यांनी घेतली आहे. वर्षाच्या आरंभी त्यांना हृदयविकाराने रुग्णालयात जावे लागले. बिल झाले २,४०,००० रुपये. पुढे सहा महिन्यांनी पडून मांडीचे हाड मोडले, बिल २,६०,०००. दोन्ही मिळून पाच लाख. मूळ पॉलिसीतून तीन लाख मिळाले, म्हणजे दोन लाख शिल्लक राहिले. पुरवणी साधी टॉप-अप असेल तर ती प्रत्येक बिल स्वतंत्रपणे तीन लाखांशी ताडून पाहते. दोन्ही बिले तीन लाखांच्या आतच असल्यामुळे तिच्याकडून एक पैसाही मिळणार नाही. सुपर टॉप-अप वर्षभराच्या बिलांची बेरीज पाहते. पाच लाखांतून तीन वजा, दोन लाख ती देईल. म्हातारपणी एकच मोठा आजार येऊन जातो असे क्वचितच होते. एकामागून एक लहान-मध्यम दुखणी येतात. म्हणून हप्त्यात थोडाफार फरक असला तरी निवृत्ताने सुपर टॉप-अपच घ्यावी, याविषयी आमच्या समितीत मतभेद नाही.

वजावट किती ठेवावी? ढोबळ नियम असा की, मूळ पॉलिसीची रक्कम तीच वजावट. मूळ तीन लाख आणि वजावट पाच लाख असेल, तर मधले दोन लाख आपल्या खिशातले. ते देण्याची ऐपत असेल तर हरकत नाही, पण ठरवून तसे करावे, चुकून नव्हे. पुष्कळांना ठाऊक नसते की, सुपर टॉप-अप घेण्यासाठी मूळ पॉलिसी असलीच पाहिजे असे नाही. ज्याच्याकडे मूळ पॉलिसी नाही आणि आज ती फार महाग पडते, त्याने तीन लाखांची ठेव आजारपणासाठी बाजूला ठेवून त्यावर सुपर टॉप-अप घेतली, तरी मोठ्या संकटापासून घर वाचते. ही ठेव दुसऱ्या कशासाठी मोडायची नाही, नातवाच्या मुंजीसाठीही नाही, एवढा निग्रह मात्र हवा. वय वंदना कार्डातून होणारा खर्च वजावटीत धरला जाईल, असे मात्र गृहीत धरू नये. तसा विचार असल्यास कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

विमा कंपन्या आणखीही दोन तऱ्हेच्या पुरवण्या विकतात. रुग्णालयातील प्रत्येक दिवसाला ठराविक रक्कम देणारी एक, आणि कर्करोग, पक्षाघात यांसारखा गंभीर आजार निघाल्यास एकरकमी पैसे देणारी दुसरी. पहिलीतून येण्या-जाण्याचा, जेवणाच्या डब्याचा खर्च निघतो, इतकेच. दुसरी तरुणपणी, कमावत्या माणसाने घ्यावी. साठीनंतर ती महाग पडते आणि अटीही अनेक. मूळचे पांघरूण भक्कम झाल्यावर हौस म्हणून घेतल्यास घ्यावी.

आता अटींकडे पाहू. हप्ता आणि विम्याची रक्कम मोठ्या अक्षरांत छापलेली असते; बिल कोण भरणार हे ठरते बारीक अक्षरांत. सर्वांत फसवी अट खोलीभाड्याची. समजा, तीन लाखांच्या जुन्या पॉलिसीत खोलीभाडे दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,००० रुपयांपर्यंत मान्य आहे. घरच्यांनी प्रेमाने ६,००० रुपयांची खोली घेतली. चार दिवस राहिले. त्यांचा हिशेब असा की, भाड्यातील फरक १२,००० रुपये आपण भरू. परंतु रुग्णालयात महाग खोली घेतली की बहुधा डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा सर्वच महाग होते. म्हणून कंपनी त्या सर्व खर्चाला त्याच प्रमाणात कात्री लावते. खोलीचे २४,०००, डॉक्टर-शस्त्रक्रिया वगैरे १,२०,००० आणि औषधे व बसवलेले साहित्य ८०,०००, असे २,२४,००० चे बिल धरा. औषधे व साहित्य यांना ही कात्री लावता येत नाही, ते पूर्ण ८०,००० मिळतील. पण खोलीचे १२,००० आणि डॉक्टर-शस्त्रक्रियेचे निम्मे, म्हणजे ६०,००० इतकेच. एकंदर १,५२,००० हाती आले. पदरचे गेले ७२,००० रुपये. बारा हजारांची तयारी ठेवून गेलेल्या माणसाला हा धक्काच असतो. पॉलिसीत अशी मर्यादा असेल तर दाखल होतानाच त्या मर्यादेतील खोली मागावी. आणि नवीन पॉलिसी घेताना शक्यतो ही मर्यादा नसलेली घ्यावी.

दुसरी अट सहभागाची, जिला 'को-पे' म्हणतात. ज्येष्ठांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींत ती हमखास आढळते. वीस टक्के सहभाग म्हणजे पाच लाखांच्या बिलात एक लाख आपले. हप्ता कमी का, याचे उत्तर बहुधा येथे सापडते. मोतीबिंदू, गुडघ्याची शस्त्रक्रिया यांना वेगळ्या मर्यादा असतात. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांनी एकाच साच्यात देऊ केलेल्या 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीचे उदाहरण घ्या : तिच्यात सहभाग पाच टक्के, खोलीभाडे विमा रकमेच्या दोन टक्के पण दिवसाला पाच हजारांहून अधिक नाही, आणि एका डोळ्याच्या मोतीबिंदूला विमा रकमेचा चौथा हिस्सा किंवा ४०,००० यांपैकी जे कमी ते. ही पॉलिसी सर्वांत उत्तम आहे असे आमचे म्हणणे नाही; पण तिच्या अटी सरळ आहेत, आणि दुसरी कोणतीही पॉलिसी तपासताना हिचा मोजपट्टीसारखा उपयोग होतो.

तिसरी अट थांबण्याची. आधीपासून असलेल्या आजारावरील खर्च पहिल्या काही वर्षांत मिळत नाही. पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत असे. १ एप्रिल २०२४ पासून ती जास्तीत जास्त तीन वर्षे करण्यात आली आहे. सुपर टॉप-अपलाही ही मुदत स्वतंत्रपणे लागू होते, हे विसरू नये. साठाव्या वर्षी घेतलेली पॉलिसी मधुमेहाच्या दुखण्यांना त्रेसष्टाव्या वर्षी उपयोगी पडू लागेल. म्हणूनच आम्ही म्हणतो की, पुरवणी निवृत्तीनंतर नव्हे, निवृत्तीच्या तीन-चार वर्षे आधी, कंपनीचा विमा चालू असतानाच घ्यावी. तसे जमले नसेल तर निदान कंपनीचा सामुदायिक विमा संपण्यापूर्वी, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची जी सोय आहे तिचा उपयोग करावा. आधी भरलेल्या वर्षांचा काळ त्यात जमेस धरला जातो. कंपनी बदलायची असली तरी नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज द्यावा.

येथे एका सभासदांची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. नाव-गाव सांगत नाही. त्यांनी सांगण्याची परवानगी दिली आहे ती इतरांना उपयोग व्हावा म्हणून. एका खासगी कारखान्यात हिशेबनीस म्हणून काम करून ते २०१९ मध्ये निवृत्त झाले. दोन वर्षे विमा नव्हता. २०२१ मध्ये त्यांनी दोघांसाठी पाच लाखांची पॉलिसी घेतली. पत्नीला दहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. अर्ज भरणारा एजंट म्हणाला, "काका, ते लिहू नका. उगीच हप्ता वाढेल." आयुष्यभर एका पैशाच्या चुकीसाठी रात्र-रात्र जागलेल्या या माणसाने तेथे मात्र सही केली. २०२३ मध्ये काकूंना पक्षाघात झाला. दाखल करून घेताना तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "रक्तदाब कधीपासून?" काकूंना बोलता येत होते; त्यांनी खरे ते सांगितले, "दहा वर्षे झाली." ते उत्तर रुग्णालयाच्या कागदावर गेले, कागद विमा कंपनीकडे गेला, आणि मागणी नामंजूर झाली. ४,३०,००० रुपयांचे बिल भविष्यनिर्वाह निधीच्या ठेवीतून भरावे लागले. आम्ही २५,००० रुपयांची मदत देऊ शकलो. ते पैसे घेताना हिशेबनीस काका म्हणाले ते शब्द आम्ही विसरलो नाही : "तिनं खरं सांगितलं म्हणून मला तिच्यावर एक क्षण राग आला. त्याचीच लाज वाटते."

अर्जात खरे लिहिल्यास काय होते? हप्ता थोडा वाढतो, किंवा तीन वर्षे थांबावे लागते, किंवा एखादी कंपनी नाही म्हणते आणि दुसरीकडे जावे लागते. पूर्वी ६५ वर्षांपर्यंतच्या माणसाला पॉलिसी देऊ करणे एवढेच कंपन्यांवर बंधन होते. २०२४ च्या नियमांनी ती वयाची रेघ पुसून सर्व वयांसाठी योजना ठेवण्यास सांगितले आहे. अर्ज मंजूर करणे अजूनही कंपनीच्या हाती असले, तरी दार ठोठावण्यास वयाची आडकाठी राहिलेली नाही. शिवाय पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिली की, सिद्ध झालेली लबाडी वगळता, 'तुम्ही अमुक सांगितले नव्हते' म्हणून कंपनीला मागणी नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. अर्ज एजंटाने भरला तरी सही आपली असते. तेव्हा भरलेला अर्ज स्वतः वाचावा, चष्मा लावून वाचावा, आणि त्याची प्रत मागून घ्यावी.

हप्त्याविषयी दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर उठला. त्यापूर्वी, ३० जानेवारी २०२५ रोजी, विमा नियामक प्राधिकरणाने असे ठरविले की, साठीवरील व्यक्तींच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ आपल्याशी विचारविनिमय केल्याशिवाय कंपनीने करू नये. हा दिलासा खरा आहे. पण दहा टक्क्यांनी दरवर्षी वाढत गेलेली रक्कम सात-आठ वर्षांत दुप्पट होते, हा हिशेब आपल्यातील कोणत्याही हिशेबनिसाला येईल. म्हणून पॉलिसी निवडताना आज परवडते का एवढेच न पाहता, सत्तरीत हप्ता दुप्पट झाल्यावर पेन्शनीतून तो देता येईल का, हे पाहावे. येत नसेल तर मूळ पॉलिसी लहान ठेवून सुपर टॉप-अप मोठी घेणे शहाणपणाचे. हप्ता एकदा चुकला आणि सवलतीचे दिवसही उलटले, तर आतापर्यंत थांबलेली सारी वर्षे वाया जातात. नवरा-बायकोच्या वयांत फार अंतर असेल तर एकत्र पॉलिसीचा हप्ता मोठ्याच्या वयाने ठरतो, तेव्हा दोन वेगळ्या पॉलिसींचाही भाव काढून पाहावा.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती नापसंत असल्यास परत करता येते. या दिवसांत ती कपाटात ठेवू नये. घरातील इंग्रजी वाचणाऱ्या मुला-सुनेला, नातवाला बसवून खोलीभाडे, सहभाग, थांबण्याची मुदत आणि वजावट ही चार ठिकाणे पेन्सिलीने खुणावून घ्यावीत.

मागणी अन्यायाने नाकारली गेली असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात. इंदूर-ग्वाल्हेरकरांसाठी हे कार्यालय भोपाळला आहे. बडोद्याच्या नातेवाइकांसाठी अहमदाबादला आणि बेळगावकरांसाठी बंगळुरूला.

शेवटी, कागदांविषयी. मागील वर्षी एक भगिनी आमच्याकडे आल्या. यजमान वारले त्याला चार महिने झाले होते, आणि त्यांना स्वतःला शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हायचे होते. विमा आहे की नाही, हे त्यांना सांगता येईना. "हे सगळं तेच बघायचे," एवढेच त्या म्हणाल्या. आमच्यातील दोघे त्यांच्या घरी गेले. देवघराखालच्या पेटीत पॉलिसी सापडली. दोघांच्या नावाची होती, आणि नूतनीकरणाची तारीख उलटून बावीस दिवस झाले होते. सवलतीचे आठ दिवस उरले होते. त्याच दुपारी हप्ता भरला. आता त्या पेटीवर आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे : पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचा दूरध्वनी, वय वंदना कार्ड कोठे ठेवले आहे, आणि हप्त्याची तारीख. अक्षर बाईंचे स्वतःचे आहे.